नावानिशी न आलेली माणसे : एसेक्समधले पाच दिवस

माझ्या सासूबाई इंग्लिश आहेत. त्यांचे वय 79 आहे, आणि त्यांच्या आजीने लहानपणी सांगितलेली एक गोष्ट त्यांनी सत्तर वर्षे जिवापाड जपलेली आहे. ती अशी, की त्यांचे माहेरचे घराणे एसेक्स परगण्यातल्या कॉगशल गावच्या पेकॉक नावाच्या धनाढ्य कापडव्यापाऱ्यापर्यंत जाते. याला पुरावा कोणताच नव्हता. आजीने सांगितले, आजीला तिच्या आजीने सांगितले होते, एवढेच. मी मूळची नाशिककडची असल्यामुळे मला या गोष्टीचे हसू आले नाही. आमच्या कुळाची नावे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या सहीसकट पाहिलेली असल्याने, वंशावळ म्हणजे कुठेतरी एक वही असतेच आणि ती उघडून दाखवणारा माणूस भेटला की काम झाले, अशी माझी भाबडी समजूत होती. इंग्लंडमध्ये अशी वही नाही. जनगणनेचे तक्ते आहेत, चर्चमधली बारसे-लग्न-दफन यांची नोंदपुस्तके आहेत, कराच्या याद्या आहेत, आणि ज्यांच्याकडे मागे ठेवण्यासारखे काही होते त्यांची मृत्युपत्रे आहेत.

दोन हिवाळे खर्ची घालून आम्ही दोघींनी त्यांचे घराणे 1841 च्या जनगणनेपासून मागे नेत नेत ब्रेनट्रीजवळच्या एका खेड्यातल्या 1612 सालच्या दफनाच्या नोंदीपर्यंत आणले होते. त्याच्या मागे धागा तुटला. दुसऱ्या टोकाला होते टॉमस पेकॉकचे 1518 सालचे मृत्युपत्र. मधली 94 वर्षे रिकामी होती. ती भरून निघावीत या आशेने आम्ही मे महिन्यात पाच दिवस काढले.

दिवस पहिला : क्यू

1858 सालापर्यंत इंग्लंडमध्ये मृत्युपत्र खरे ठरवण्याचे काम सरकारी न्यायालयाचे नव्हते, चर्चच्या न्यायालयांचे होते, आणि ज्यांची मालमत्ता एकाहून अधिक धर्मप्रांतांत पसरलेली असे अशा बड्या लोकांची मृत्युपत्रे कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात जात. त्या न्यायालयाच्या नोंदवह्या 1384 पासूनच्या आहेत. त्या लंडनच्या पश्चिमेला क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असतात, पण त्यांच्या प्रतिमा घरबसल्या संगणकावर पाहता येतात, म्हणून पेकॉकचे मृत्युपत्र छापून सासूबाईंच्या पिशवीत कधीचेच होते. नोंदवहीत जे दिसते ते मूळ मृत्युपत्र नसून कारकुनाने केलेली नक्कल असते, हे त्यांना सांगितले तेव्हा त्या थोड्या खट्टू झाल्या होत्या. आजीच्या गोष्टीतल्या माणसाने स्वतः हात लावलेला कागद त्यांना हवा होता.

क्यूला आम्ही गेलो ते मृत्युपत्रासाठी नाही, 1524 च्या करासाठी. आठव्या हेन्रीच्या काळात बसवलेल्या या कराचे वैशिष्ट्य असे, की तो जमीनदार आणि व्यापारी यांच्यावर थांबला नाही. ज्याच्याकडे ना जमीन होती ना माल, पण ज्याची वर्षाची मजुरी एक पौंडापर्यंत जात होती, त्यालाही चार पेन्स भरावे लागले. त्यामुळे एरवी कोणत्याच कागदावर न येणारी माणसे या याद्यांमध्ये नावानिशी सापडतात.

वाचनकक्षात पेन नेऊ देत नाहीत, फक्त शिसपेन्सिल. वह्या-कागद पारदर्शक पिशवीतून न्यायचे. चर्मपत्राची गुंडाळी समोर आली तेव्हा ती उघडी राहावी म्हणून तिच्यावर ठेवायला कापडात शिवलेल्या शिशाच्या माळा दिल्या, आणि सासूबाईंनी त्या इतक्या अलगद ठेवल्या, की झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालत आहेत असे वाटावे. ग्रेट कॉगशल हे गाव त्या काळी लेक्सडन नावाच्या तालुक्यात मोडत होते आणि नदीपलीकडचे लिटल कॉगशल विथम तालुक्यात, हे आधी ठाऊक नसते तर आम्ही अर्धा दिवस चुकीच्या गुंडाळीत घालवला असता.

इथे आडनावांबद्दल थोडे सांगायला हवे. इंग्लंडमधली कित्येक आडनावे लोकरीच्या कापडाच्या धंद्यातून आलेली आहेत. विणकरावरून वेब आणि वेबस्टर झाले. विणलेले कापड पाण्यात तुडवून आटवणाऱ्या आणि घट्ट करणाऱ्या कारागिरावरून फुलर, टकर आणि वॉकर झाले. कापडावर उठवलेली लव हातभर लांबीच्या कात्रीने कातरून सारखी करणाऱ्यावरून शर्मन झाले. सासूबाईंचे माहेरचे आडनाव यांपैकीच एक आहे. मात्र सोळाव्या शतकापर्यंत ही आडनावे वंशपरंपरेने चालू लागलेली होती, तेव्हा फुलर आडनावाचा माणूस कापड तुडवतच असेल असे नाही, जसे आपल्याकडे प्रत्येक कुलकर्णी दप्तर सांभाळत नाही.

दुपारी तीनच्या सुमारास ते आडनाव सापडले, आणि एकदा नाही, दोनदा. दोघांचीही नोंद मजुरीखाली होती आणि दोघांच्याही नावापुढे चार पेन्स लिहिलेले होते.

सासूबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “हे दुसरे कोणीतरी असतील.” मग त्यांनी वही मिटली. परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या.

दिवस दुसरा : कॉगशल, वेस्ट स्ट्रीट

लिव्हरपूल स्ट्रीटहून केल्वडनपर्यंत आगगाडी आणि पुढचे तीन मैल बस. कॉगशलचा वेस्ट स्ट्रीट हा मुळात ब्रेनट्रीहून कोल्चेस्टरकडे जाणारा रोमन रस्ता, आणि त्यावर पेकॉकचे घर थेट रस्त्याला लागून उभे आहे. पुढे अंगण नाही, कुंपण नाही. 1509 च्या सुमारास उभे राहिलेले हे लाकडी सांगाड्याचे दोन मजली घर पाहिले की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे लाकडाची उधळपट्टी. उभे खांब इतके जवळजवळ लावलेले आहेत, की घर पेलण्यासाठी त्यातले निम्मे पुरले असते. बाकीचे निम्मे रस्त्याने जाणाऱ्याला दिसावेत म्हणूनच लावलेले असणार. वरच्या मजल्यावर पाच खिडक्या रस्त्यावर पुढे काढलेल्या आहेत, आणि दोन मजल्यांच्या मधून जी आडवी तुळई जाते तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पानांची वेल कोरलेली आहे.

ही वेल मी फूटपाथवर मान वर करून जवळजवळ अर्धा तास पाहिली. लांबून ती आपल्या वाड्यांच्या गणेशपट्टीवर असते तशी नुसती नक्षी वाटते, पण जवळ गेले की पानांच्या वळणांमधून छोटी डोकी, माणसे आणि जनावरे बाहेर येतात, आणि त्यांच्यामध्ये एक खूण दिसते, देठावर तीन पाकळ्यांसारखी. ती पेकॉकची व्यापारी खूण. कापडाच्या गठ्ठ्यावर हीच खूण असे, आणि ज्या काळात गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना वाचता येत होते त्या काळात ती खूण हीच त्याची सही होती. कॉगशलचे पांढरे कापड नावाजलेले होते. ज्या खुणेवर ते कापड विकले जाई तीच त्याने घराच्या तोंडावर आणि आत तुळयांवर कोरून घेतली. आतल्या दिवाणखान्याच्या छताला टॉमसची आणि त्याच्या पहिल्या बायकोची, मार्गरेटची, आद्याक्षरे आहेत. घर बापाने, जॉन पेकॉकने, दिलेले. जॉन 1505 मध्ये वारला आणि वेस्ट स्ट्रीटवरचे, पाळकाच्या घरासमोरचे हे घर टॉमसला देत असल्याचे त्याच्या मृत्युपत्रात लिहिलेले आहे.

घर आज आपण पाहू शकतो याचे श्रेय पेकॉकांकडे जात नाही. मधल्या काळात त्याची रया गेली होती. पुढे ज्या बक्स्टन घराण्याकडे ते काही काळ होते त्याच घराण्यातल्या नोएल बक्स्टन यांनी 1904 मध्ये ते परत विकत घेतले, दुरुस्त केले आणि 1924 मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले.

मागच्या बागेत एका बाकावर बसून आम्ही मृत्युपत्राची छापील पाने पुन्हा काढली. सासूबाईंनी ती याआधी वाचली होती, पण फक्त नातेवाईक शोधत. भाऊ, पुतणे, भाच्या, धर्मपुत्र (म्हणजे ज्यांच्या बारशाला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला ती मुले) एवढ्यांवर पिवळ्या रंगाच्या खुणा होत्या आणि बाकीच्या ओळी कोऱ्या होत्या. आता मी त्यांना कोऱ्या ओळी वाचून दाखवल्या.

त्या काळची लिखावट पहिल्यांदा पाहणाऱ्याला मोडीची आठवण करून देते: अक्षरे एकमेकांत गुंतलेली आणि निम्मे शब्द संक्षेपात. आकडे रोमन असतात आणि शेवटच्या एकाला शेपूट काढलेले असते, म्हणजे बारा लिहिताना एक्स, मग आय, मग जे. पुढे पेन्ससाठी डी. वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग. आपल्याकडच्या जुन्या आण्यालाही बारा पै असत, त्यामुळे या हिशेबाला माझ्या आजीला मुळीच वेळ लागला नसता.

टॉमस पेकॉक आपल्या कामाच्या माणसांना विसरलेला नाही. लव कातरणारा टॉमस गुडडे याला 20 शिलिंग आणि त्याच्या प्रत्येक मुलाला 3 शिलिंग 4 पेन्स. पूर्वी हाताखाली उमेदवारी केलेल्या हम्फ्री स्टोनरला 6 शिलिंग 8 पेन्स. अशी काही नावे होतात, आणि मग एक वाक्य येते, ज्याचा मतलब असा: माझे जे विणकर, कापड तुडवणारे आणि कातरणारे वर नावानिशी आलेले नाहीत त्या सर्वांना प्रत्येकी 12 पेन्स द्यावेत, आणि ज्यांनी माझे पुष्कळ काम केले आहे त्यांना 3 शिलिंग 4 पेन्स द्यावेत. त्यापुढे, लोकर विंचरणारे, पिंजणारे आणि सूत कातणाऱ्या यांच्यात मिळून 4 पौंड वाटावेत.

“वर नावानिशी आलेले नाहीत,” सासूबाईंनी ते शब्द पुन्हा म्हटले. मग त्यांनी पिवळी पेन्सिल मागितली. पण ती लावली मात्र नाही.

त्या रात्री खानावळीच्या खोलीत मी हिशेब मांडला. त्या काळी दक्षिण इंग्लंडात गवंड्याला किंवा सुताराला दिवसाचे 6 पेन्स मिळत आणि बिगाऱ्याला 4 पेन्स. म्हणजे 12 पेन्स म्हणजे कुशल कारागिराची दोन दिवसांची मजुरी, आणि 3 शिलिंग 4 पेन्स म्हणजे आठवड्याभराच्या कामाहून थोडी जास्त. मालकाच्या मरणाने हातात आलेली ही रक्कम अगदीच टाकाऊ नव्हती. पण याच मृत्युपत्रात चर्चमधल्या दोन मूर्तींच्या कोरीव, सोनेरी देव्हाऱ्यांसाठी 100 मार्क ठेवलेले आहेत. मार्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, तेव्हा ही रक्कम होते 16,000 पेन्स. विंचरणारे, पिंजणारे आणि कातणाऱ्या या सगळ्यांच्या वाट्याचे 4 पौंड म्हणजे 960 पेन्स. एका मागासाठी सूत पुरवायला कित्येक घरांमधल्या कित्येक बायका कातत बसलेल्या असायच्या, त्या प्रत्येकीच्या पदरात यातले काय पडले असेल, याचा हिशेब करता येत नाही, कारण त्या किती होत्या हे पेकॉकने लिहिलेले नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. लोकर त्याची, सूत त्याचे, कापड त्याचे. तो ते घरोघर वाटायचा आणि गोळा करायचा.

दिवस तिसरा : चर्च, नदी

पावसाचा दिवस. सेंट पीटर ॲड व्हिंक्युला हे चर्च गावाच्या मानाने फारच मोठे आहे, आणि ते का मोठे आहे हे कालच्या घराने सांगितलेलेच होते. लोकरीच्या पैशावर उभी राहिलेली अशी चर्चे पूर्व इंग्लंडात गावोगाव आहेत. सप्टेंबर 1940 मध्ये यावर बॉम्ब पडला आणि पश्चिमेकडचा बराच भाग कोसळला. आज दिसतो तो त्यातला पुष्कळसा भाग युद्धानंतर पुन्हा बांधलेला आहे.

टॉमसने आपल्याला सेंट कॅथरिनच्या मूर्तीपुढे पुरावे असे लिहून ठेवले होते. दफनाच्या वेळी पांढऱ्या झग्यातली लहान मुले हातात मेणबत्त्या घेऊन उभी असावीत, आणि त्यांतली होता होईल तेवढी आपली धर्मपुत्र-धर्मकन्या असावीत, अशीही इच्छा आहे. हे विधी एका दिवसाचे नाहीत. दफनाचा दिवस, मग सातवा दिवस, मग महिन्याचा दिवस, आणि प्रत्येक वेळी किती मशाली लावायच्या, गरिबांना काय वाटायचे, हे ठरवलेले. दहावा-तेरावा आणि मासिक श्राद्ध पाहत वाढलेल्या मला हे वाचताना कुठेच परके वाटले नाही. सासूबाई प्रॉटेस्टंट वळणाच्या. त्यांना मात्र ते सगळे अवडंबर वाटले.

त्या 100 मार्कांच्या देव्हाऱ्यांपैकी आज काही नाही. टॉमसच्या मृत्यूला वीस वर्षे व्हायच्या आतच देशाचा धर्म बदलू लागला, कॅथलिकचा प्रॉटेस्टंट होऊ लागला. कॉगशलचा मठ 1538 मध्ये बंद झाला, 1547 च्या कायद्याने मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणवून घेण्याच्या व्यवस्थाच मोडीत निघाल्या, आणि मूर्ती गेल्या. पेकॉक घराण्यातल्या नंतरच्या माणसांची पितळेत कोरलेली चित्रे तेवढी चर्चच्या जमिनीत राहिली आहेत. पाऊस थोडा थांबल्यावर आम्ही ब्लॅकवॉटर नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो, आणि पलीकडे मठाचे तेराव्या शतकातले प्रचंड लाकडी धान्यकोठार पाहिले. त्याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण आमच्या कामाचा त्याच्याशी संबंध नव्हता आणि सासूबाईंचे बूट भिजले होते.

दिवस चौथा : चेम्सफर्ड

आज नवरा गाडी घेऊन आला आणि आम्ही तिघे चेम्सफर्डच्या एसेक्स अभिलेखागारात गेलो. दिवस बराचसा कोरडा गेला, पण दोन गोष्टी निकालात निघाल्या.

पहिली म्हणजे पेकॉक. टॉमसने मृत्युपत्र केले तेव्हा त्याच्या दुसऱ्या बायकोला, ॲनला, दिवस गेलेले होते, म्हणजे त्याच्या हयातीत त्याच्या मांडीवर स्वतःचे मूल खेळलेले नाही. घराण्याचे नाव चालले ते भावांकडून, आणि तेही फार काळ नाही. 1584 साली वारलेल्या जॉन पेकॉकच्या नावापुढे कॉगशलच्या चर्चच्या नोंदपुस्तकात, कॉक्सलमधला हा त्या नावाचा शेवटचा, असा शेरा आहे. गावाचे नाव लोक तेव्हा उच्चारत तसेच लिहिलेले. मृत्यूची नोंद करणारा कारकून सहसा असे काही लिहीत नाही. गावातले एक मोठे नाव संपले, हे त्याला जाणवले असावे. लेकींकडून वंश पुढे गेला असणे शक्य आहे, पण लेकीबाळींचा माग काढायला लग्नाच्या नोंदी लागतात, आणि इथे दुसरी गोष्ट आडवी येते.

चर्चमध्ये बारसे-लग्न-दफन नोंदवून ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने काढला तो 1538 मध्ये. सुरुवातीच्या नोंदी साध्या कागदावर होत्या, आणि 1598 मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचे फर्मान निघाले तेव्हा त्यात निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी नोंदी उतरवाव्यात असा शब्दप्रयोग होता. मग काय, कित्येक ठिकाणच्या उतरवणाऱ्यांनी नेमके 1558 पासूनच उतरवले आणि मागची वीस वर्षे अंगावरच घेतली नाहीत. सरकारी हुकमातली पळवाट बरोबर हेरणारा कारकून कोणत्याही देशात सापडतो. आमच्या खेड्याची नोंदपुस्तकेही उशिरा सुरू होतात, त्यात सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळातली पाने फाटलेली. आमचा 1612 चा म्हातारा दफनाच्या वेळी सत्तरीचा धरला, तरी जन्मला 1540 च्या आसपास. त्याचा बाप 1524 च्या यादीतल्या दोघांपैकी एकाचा मुलगा असू शकतो, नातू असू शकतो, किंवा कोणीच नसू शकतो. कागद याच्यापुढे बोलत नाहीत.

नवऱ्याने समजूत काढण्यासाठी एक नवा धागा काढला. एसेक्समध्येच डेडहॅम गावी शर्मन नावाचे मोठे कापडव्यापारी होते, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनापती विल्यम टेकम्से शर्मन त्यांच्याच वंशातला. आपल्या कारागिरांमधूनही असा कोणी वर गेला असेल, असे त्याचे म्हणणे. सासूबाईंनी चष्मा काढला आणि मुलाकडे पाहिले. “एका श्रीमंत माणसाच्या मागे दोन वर्षे धावून झाले. आता दुसरा नको,” असे त्या म्हणाल्या.

मला वाटते, त्यांचा शोध खरा इथे सुरू झाला.

दिवस पाचवा : लॅव्हनम आणि क्लेअर

शेवटचा दिवस सफक परगण्यात. लॅव्हनमला आम्ही गेलो ते सासूबाईंच्या आग्रहाने, आणि पेकॉकला शोधायला नाही. लॅव्हनमचा टॉमस स्प्रिंग हा पेकॉकहून कितीतरी मोठा व्यापारी. तो 1523 मध्ये वारला, लंडनबाहेरच्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होत असे, आणि त्याने चर्चचा मनोरा पुरा करायला 200 पौंड ठेवले. तो मनोरा 141 फूट उंच आहे आणि गावात कुठेही उभे राहिले तरी पाठ सोडत नाही. पण त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, 1525 मध्ये, याच गावात हजारो माणसे जमली. राजाला फ्रान्सच्या युद्धासाठी आणखी पैसा हवा होता. कापडव्यापाऱ्यांनी सांगितले, की कर भरला तर कामाला द्यायला रोकड उरत नाही, आणि विणकर-कातणाऱ्यांचे काम बंद केले. नॉरफकचा ड्यूक समजूत काढायला आला आणि तुमचा पुढारी कोण असे त्याने विचारले, तेव्हा जॉन ग्रीन नावाच्या माणसाने उत्तर दिले, की आमचा पुढारी दारिद्र्य, त्याने आणि त्याची भावंड असलेल्या निकडीने आम्हाला इथे आणले. अशी हकिकत त्या काळच्या बखरीत नोंदलेली आहे. राजाने तो कर मागे घेतला.

सासूबाई चौकातल्या बाकावर बसून ही हकिकत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, कॉगशलहून लॅव्हनम किती लांब? सतरा-अठरा मैल, नवरा म्हणाला. “पायी येता येते,” त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

क्लेअर हे पेकॉकांचे मूळ ठिकाण. टॉमसला त्याची आठवण होती हे मृत्युपत्रातून दिसते. क्लेअरच्या ऑगस्टिनियन साधूंना त्याने प्रार्थनांसाठी पैसे ठेवले आहेत, आणि शिवाय आपल्या मृत्यूनंतर येणाऱ्या लेंटच्या उपवासात तांबड्या हेरिंगचे एक पिंप. तांबडे हेरिंग म्हणजे मीठ लावून धुरावर तांबूस होईपर्यंत वाळवलेला मासा. पिंपात असे पाचशे-सहाशे मासे मावत. उपवासात मांस चालत नसे, मासे चालत. आगोटीच्या आधी सुके बोंबील आणि खारा बांगडा भरून ठेवणाऱ्या कोकणातल्या माझ्या मावशीला या देणगीचे मोल ताबडतोब कळले असते. 1248 मध्ये स्थापन झालेला हा मठ इंग्लंडमधला ऑगस्टिनियन साधूंचा पहिला. तोही 1538 मध्ये बंद पडला, पण 1953 मध्ये साधू परत आले आणि आजही तिथे आहेत. जुन्या भिंतींच्या आत हिरवळीवर काही माणसे शांतपणे चहा पीत होती.

मृत्युपत्रातली शेवटची गोष्ट पाहायची होती ती रस्त्याची. टॉमसने क्लेअर ते ओव्हिंग्टन आणि ओव्हिंग्टन ते बेलचँप सेंट पॉल या वाटा दुरुस्त करायला पैसे ठेवले आहेत, आणि त्या वाटांना त्याने घाण वाटा असे सरळ म्हटले आहे. चिखलात रुतणाऱ्या गाड्यांवर त्याचीच लोकर आणि त्याचेच कापड असायचे, त्यामुळे या धर्मादायात थोडा धंदाही होता. पण तिथून जाणारा प्रत्येक कातणारा आणि विणकर त्याच चिखलातून जात होता हेही खरे. रस्ता आज अरुंद आणि डांबरी आहे. दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणे. नवऱ्याने एक खड्डा चुकवता चुकवता दुसऱ्यात गाडी घातली, तेव्हा मी म्हटले, पैसे अजून पोचलेले दिसत नाहीत.

ओव्हिंग्टनच्या पुढे सासूबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. पिशवीतून त्यांनी वंशावळीचा मोठा कागद काढला आणि गाडीच्या टपावर पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून मी एका टोकावर हात ठेवला आणि नवऱ्याने दुसऱ्यावर. कागदाच्या अगदी वर, 1612 च्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर, ठिपक्यांची रेघ काढून त्यांनी दोन वर्षांपूर्वी पेकॉकचे नाव लिहिले होते. ते त्यांनी खोडरबराने पुसले, सावकाश, कागद चुरगळू न देता. त्याच्या जागी त्यांनी लिहिले: विणकर किंवा तुडवणारा किंवा कातरणारा, नाव नाही, कॉगशल, 1518. मग प्रश्नचिन्ह. मग कंसात, 12 पेन्स.

लिहून झाल्यावर त्या थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या.

“ज्यांनी पुष्कळ काम केले त्यांना किती म्हणालीस?”

“3 शिलिंग 4 पेन्स.”

त्यांनी पुन्हा रबर घेतले. “आमच्या घराण्यात कामचुकार कोणी नव्हते,” त्या म्हणाल्या, आणि 12 पेन्स खोडून 3 शिलिंग 4 पेन्स लिहिले.